तेल निवळ आहे

सेंट डेव्हिड्स, बर्म्युडा
सोमवार, १४ सप्टेंबर

एल्डन,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतंच नाव लिहिलं. दर ख्रिसमसला तुला हॅलिफॅक्सला कार्ड पाठवते आणि तू एकाचंही उत्तर देत नाहीस, तेव्हा तुझी ख्यालीखुशाली विचारायची हौस फिटली माझी. वादळ येतंय, पप्पा ऐकत नाहीत, आणि ज्याच्यावर मनसोक्त ओरडावं असं माणूस या बेटावर दुसरं उरलेलं नाही. म्हणून हे पत्र.

रेडिओ कालपासून एकच सांगतोय. वादळ दक्षिणेला आहे, तोंड आमच्याकडे आहे, गुरुवारी पोहोचेल, आणि मोठं आहे. वेंडेलला वीज कंपनीने आजच बोलावून घेतलं. वारा वाढला की पूल बंद होणार, मग तो हॅमिल्टनच्या बाजूला आणि मी या बाजूला. तारा तुटल्यावर जोडायला माणसं लागतात आणि माझा नवरा नेमका त्यांतला. जाताना म्हणाला, "म्हाताऱ्याला वर घेऊन ये. हाताला धरून नाही आला तर पायाला धरून आण."

पप्पा अजून त्या खालच्याच घरात आहेत, खाडीच्या तोंडाशी, एकटे. पायरीपासून समुद्र किती लांब ते तुला सांगायला नको, भरतीच्या वेळी तू ओट्यावर बसून पाय भिजवायचास. मी सकाळीच गेले. म्हटलं, चला माझ्याकडे टेकडीवर, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. ते जाळं सांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बाटली बघितलीस?"

ओट्याच्या तुळईला टांगलेली ती शार्कच्या तेलाची बाटली! तू जाताना जिच्यावरून एवढं महाभारत केलंस ती. रोज सकाळी देवाचं नाव घ्यायच्या आधी ते तिच्याकडे बघतात.

"तेल निवळ आहे," ते म्हणाले. "वादळ यायचं असतं तर एव्हाना पांढरं धरलं असतं. बाहेरून जाईल ते. घरी जा आणि चूल बघ."

"पप्पा, रेडिओवाले सांगतायत..."

"रेडिओवाल्याचं स्वतःचं छप्पर मागच्या वादळात उडालं. माझं आहे तिथे आहे."

पालथ्या घड्यावर पाणी. आणि खरं सांगायचं तर त्यांचं आजवर चुकलेलं नाही. आपण लहान असताना सगळी वस्ती आपल्या ओट्यावर येऊन बाटली बघून जायची आणि पप्पा पाद्र्यासारखे बाजूला उभे असायचे. तू गेल्यापासूनही तेल निवळ राहिलं आणि वादळं लांबूनच गेली. पण या खेपेला समुद्र वेगळा आहे. वारा नाही, ढग नाही, आणि तरी लांबच लांब लाटा दमाने येऊन खडकांवर आपटतायत. कुणीतरी मागून ढकलल्याशिवाय समुद्र असा चालत नाही.

उद्या परत जाणार आहे. तू असतास तर त्यांना उचलून आणलं असतंस. अर्थात त्याआधी तासभर भांडला असतास.

इनेझ


मंगळवार, १५ सप्टेंबर

एल्डन,

कालचं पत्र गेलेलंच नाही, टपालाचं विमान आलं नाही. बरं झालं. आता सगळं एकाच पाकिटात येईल. हे मात्र खुर्चीत नीट बसून वाच.

सकाळी छपरावर चढून पन्हळींची भोकं बुजवली. जुन्या चादरी फाडून बोळे कोंबले. वादळाचं खारं पाणी छपरावरून टाकीत उतरलं तर नंतर प्यायचं काय? खाली उतरेपर्यंत माझे गुडघे बोलायला लागले. मग दुकानात गेले. मेणबत्त्या संपल्यात, रॉकेलला रांग आहे, आणि रांगेतला जो तो मला विचारतोय, "सोलोमनची बाटली काय म्हणते?" मी खरं ते सांगितलं. निवळ आहे म्हटलं. आणि एल्डन, माझ्या डोळ्यांदेखत काही माणसं हसत हसत रांग सोडून घरी गेली.

दुपारी पप्पांकडे गेले. ते जेवून झोपले होते, घोरणं फाटकापर्यंत ऐकू येत होतं. ओट्यावर बाटली उन्हात चमकत होती, पार आरपार दिसेल इतकी स्वच्छ. मला असा काही संताप आला! खुर्ची ओढली, वर चढले, बाटली काढली. तिचं काय करणार होते ते मलाच माहीत नाही, बहुधा समुद्रात भिरकावणार होते. बूच सैल होतं, ते हातात आलं.

आणि वास आला नाही.

तुला तो वास आठवतो ना? शार्कची कलेजी उन्हात टांगून ते तेल गाळायचं म्हटलं की आई दोन दिवस मावशीकडे निघून जायची. बूच नुसतं हललं तरी गल्लीतली मांजरं कुंपणावर येऊन बसायची. मी नाक लावून हुंगलं. मग बोट बुडवून चाटलं. स्वयंपाकाचं तेल आहे ते. बटाटे तळायचं, डब्यातलं.

हिवाळ्यात ते जरा गढुळायचं म्हणून पप्पांना कधी शंका आली नसेल, थंडीत माझ्या फडताळातलं तेलही गढुळतं. आणि हे कुणी केलं ते मला कुणी सांगायला नको. तू गेलास त्या दिवशी तुझं तोंड बघायला नको म्हणून पप्पा चर्चमध्ये जाऊन बसले होते आणि त्या ओट्यावर तू एकटा होतास. तुझ्याकडून फुटली, की त्यांची जिरवायची म्हणून तू मुद्दाम तेल बदललंस, मला ठाऊक नाही. पण तुझा बाप तेव्हापासून बटाट्याच्या तेलावर जीव टांगून बसलाय, आणि त्याच्या भरवशावर रांग सोडून गेलेली ती माणसंही.

त्यांना उठवून सांगणार होते. दारापर्यंत गेले आणि थबकले. सांगितलं तर ते वर येतील का? तू त्यांना ओळखतोस. तुझ्यावर चिडून दार लावून आत बसतील आणि समुद्र पलंगाखाली आला तरी उठणार नाहीत. रागावलेल्या माणसाला पाऊस दिसत नाही, आणि आपले पप्पा तर तुझ्यावर रागवायचं कारणच शोधत असतात.

म्हणून मी आत गेले. फडताळात आईच्या वेळचा आरारूटचा डबा असतो, पुडिंगसाठीचा. त्यातलं थोडं बाटलीत टाकलं, बूच लावून खळखळून हलवलं. तेल दुधाळ झालं. घाईघाईने खिळ्याला अडकवली आणि चोरासारखी टेकडी चढून घरी आले.

आता खिडकीत बसून त्यांच्या वाटेकडे डोळे लावलेत. नखांत अजून आरारूट आहे.


बुधवार, १६ सप्टेंबर, दुपार

आले!

काल ऊन उतरायच्या आत आले. पाठीवर गादी, पोटाशी बाटली तान्ह्या बाळासारखी, आणि मागून मिस अल्मा. तीच आपली शेजारीण, जी झाडू घेऊन तुझ्यामागे धावायची. पप्पांनी तिला घरातून अक्षरशः हाकून आणलं.

"इनेझ, तेल पांढरं झालं!" फाटकातूनच ओरडले. "असलं पांढरं मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलंय!"

येताना ते घरोघरी सांगत आले होते. अर्ध्या तासात सगळी खाडी जागी झाली, नावा ओढल्या जायला लागल्या, हातोड्या वाजायला लागल्या. दुपारपर्यंत रेडिओला हसणारी माणसं कपाळावरचा घाम पुसत फळ्या ठोकत होती. मला नाचावंसं वाटलं, एल्डन. चिमूटभर आरारूट, आणि काय काम केलं त्याने!

आणि पप्पांना तू बघायला हवं होतंस. म्हातारपण कुठल्या कुठे पळालं. टाकीचं झाकण दोराने आवळलं, न्हाणीचा टब भरून घेतला, आवारातली कुंडीसुद्धा बाहेर ठेवली नाही, कुऱ्हाड दाराच्या आत उभी केली. मिस अल्मा खुर्चीत बसून कुरकुरत होती.

"सोलोमन, माझी कोंबडी राहिली."

"कोंबडीला पोहता येत नाही, तुलाही येत नाही. दोघींतली एकच आणता येत होती."

"मग कोंबडी का नाही आणलीस? ती अंडी तरी देते."

मी हसत होते. आज सकाळी मात्र हसू पळालं. पप्पा वायव्येच्या, म्हणजे पुलाच्या बाजूच्या खिडक्यांवर फळीवर फळी ठोकत होते आणि मागची, उघड्या समुद्राकडची, तशीच सोडली होती. मी विचारलं, ही?

"ही हातभर उघडी राहणार. वारा ज्या बाजूने येतो ती बंद, त्याच्या उलटी उघडी. घराला श्वास घ्यायला जागा हवी, नाहीतर छप्पर उचलतं. तुला नव्याने सांगायला हवं का?"

नव्याने नको. इथे सगळेच तसं करतात. पण मी म्हटलं, "वारा समुद्राकडूनच येणार आहे, पप्पा. आग्नेयेकडून. रेडिओ सकाळपासून सांगतोय."

"रेडिओने तेल बघितलंय? मी बाटली काढायच्या आधी नीट बघून ठेवलं. पांढरं सगळं आग्नेयेला चढलं होतं. तेल वाऱ्याला पाठ दाखवतं. म्हणजे वारा वायव्येचा, पुलाकडून. माझी नावही त्याच हिशेबाने हलवली मी."

पांढरं एका बाजूला का चढलं होतं ते मला माहीत आहे. मी घाईत बाटली वाकडी अडकवली होती. आणि नाव कुठे नेली? मागच्या छोट्या आखातात, ज्याचं तोंड सरळ आग्नेयेला आहे. असतील नसतील तेवढे दोर लावून बांधून आलेत.

तू म्हणशील, मग तेव्हाच खरं का नाही सांगितलंस? कारण खालचा रस्ता अजून उघडा आहे. आत्ता सांगितलं तर गादी पाठीवर टाकून ते परत खाली जातील, मागे वळूनही बघणार नाहीत. समुद्राने रस्ता घेतला की सांगेन. मग जायला वाटच नसेल. नाव गेली तर गेली, नाव दुसरी होते.

वेंडेलचा फोन आला होता. "सगळ्या खिडक्या लाव, म्हातारा काही म्हणो," एवढंच बोलला आणि फोन मेला. पूल बंद झालाय. बाहेर सुरूची झाडं आत्तापासूनच सुस्कारे टाकतायत.


शुक्रवार, १८ सप्टेंबर

आम्ही जिवंत आहोत. हे आधी लिहिते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. लागत असेल तर.

काल सकाळी वारा सुटला तो आग्नेयेकडून. सरळ समुद्रावरून. त्या उघड्या खिडकीतून पाऊस आडवा आत येत होता आणि पप्पा खिडकीशी खुर्ची टाकून, चौकटीवर हात ठेवून, नखशिखांत भिजत बसले होते. खिडकीला हात लावू देत नव्हते.

"फिरेल," ते म्हणत होते. "आत्ता फिरेल वारा. तेल खोटं बोलत नाही."

"सोलोमन, माझ्या चपला वाहून चालल्यात," मिस अल्मा म्हणाली.

"फिरेल म्हणतोय ना!"

खालचा रस्ता केव्हाच गेला होता. आता सांगायला हरकत नव्हती, आणि तरी माझी जीभ उचलेना. मी मनात म्हणत होते, अजून थोडं थांबू, कदाचित खरंच फिरेल. म्हणजे बघ, मीसुद्धा माझ्याच आरारूटवर भरवसा ठेवून बसले होते!

मग आतली दारं एकामागून एक आपटायला लागली. कानांत दडा बसला. छपराच्या फरशा, चुन्यात बसवलेल्या त्या जड फरशा, करकरायला लागल्या आणि चुन्याचा भुगा आमच्या डोक्यावर पडायला लागला. वारा आत शिरत होता आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती, दुसरीकडे सगळं पप्पांनी पक्कं ठोकलेलं. एवढ्यात खिडकीची बाहेरची झडप उखडली आणि दिसेनाशी झाली. छप्पर उचललं जाणार हे लहान मुलालाही कळलं असतं.

"पप्पा, लावा खिडकी!"

"तेलाने दाखवलंय..."

"ते आरारूट आहे!"

त्यांना ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडले, "बाटलीत मी आरारूट टाकलं! आईच्या डब्यातलं! तुम्ही वर यावं म्हणून!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तसं बघणं मला पुन्हा नको. मग उठले आणि दोन्ही हातांनी खिडकी ओढायला लागले. मी खांदा लावला. वाऱ्याने ती एकदा सोडली आणि मग अशी आपटली की त्यांचा उजवा हात चौकटीत सापडला. हाड मोडल्याचा आवाज त्या गोंगाटातही मला ऐकू आला. आम्ही गादी लावली, तिच्यावर कपाट लोटलं, कपाटाला मिस अल्मा पाठ लावून बसली आणि देवाचं गाणं म्हणायला लागली, बेसूर, पण जोरात. छप्पर राहिलं.

मी उशीचा अभ्रा फाडून त्यांचा हात बांधत होते तेव्हा ते बोलले, अगदी शांतपणे.

"आरारूट शार्कच्या तेलात असं विरघळल्यासारखं दिसत नाही. ते तेल जड असतं. बाटलीत तेल कुठलं होतं?"

बघ, त्याही वेळी डोकं कसं चाललं!

मी म्हणाले, "तळायचं. खरी बाटली फुटली. मी झाडताना फोडली, बरेच दिवस झाले. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

असं का बोलले ते मला विचारू नकोस. तुझं नाव जिभेवर होतं. पण बाहेर जग बुडत चाललं होतं, त्यांचा हात माझ्या मांडीवर रक्ताने भिजलेला होता, आणि 'मला मुलगा नाही' हे वाक्य मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मी मुलगी आहे, मला चार शिव्या घालतील, असं वाटलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी एकदम सगळं थांबलं. ऊन पडलं. वादळाचा मधला भाग. पप्पा उठून बाहेर गेले, मी मागोमाग. टेकडीवरून खाडी दिसते. त्यांच्या घरात समुद्र खिडकीच्या कडेपर्यंत उभा होता, त्यांचा पलंग जिथे असतो त्या खिडकीच्या. मागच्या आखातात नाव खडकावर आडवी पडली होती, कुशीला भोक. त्यांनी दोन्ही बघितलं. मग आतून बाटली डाव्या हाताने घेऊन आले, दातांनी बूच उपटलं, हुंगलं, आणि सगळं तेल मातीत ओतून टाकलं. घाई न करता, शेवटच्या थेंबापर्यंत.

आत आलो, दार लावलं, आणि वारा पुन्हा सुटला. या वेळी वायव्येकडून. अगदी पुलाच्या बाजूने.

"सोलोमन, ऐक!" मिस अल्मा टाळ्या पिटत म्हणाली. "तुझी बाटली बरोबर होती की!"

"अल्मा, तोंड मीट," पप्पा म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत.


रविवार, २७ सप्टेंबर

वेंडेल परत आला, पुलाचे खड्डे चुकवत, दाढी वाढलेला. आमच्याकडे वीज अजून नाही. तो सगळ्या बेटाला वीज देतो आणि घरी कंदिलाखाली जेवतो. टाकीतून बादलीने पाणी काढतेय. दोन चांगल्या सरी येऊन छपरावरचं मीठ धुऊन गेलं तेव्हा काल पन्हळींचे बोळे काढले. पाणी गोड आहे. एवढी एक गोष्ट माझ्या हातून सरळ झाली.

खालच्या घराच्या भिंती उभ्या आहेत. आत गुडघाभर वाळू. भिंतीवर समुद्राने रेघ मारून ठेवलीय, माझ्या खांद्याच्याही वर. त्या रेघेखाली पप्पांची उशी होती. ती रेघ बघितली की मला वाटतं, केलं ते योग्य केलं. मग त्यांचा हात दिसतो, ती फुटकी नाव दिसते, आणि वाटतं, मी त्यांना वाचवायला गेले आणि त्यांचं उरलंसुरलं सगळं मोडून ठेवलं. दोन्ही खरं आहे. दोन्ही घेऊन झोपते.

ते माझ्याकडेच राहतात. वाढलेलं जेवतात, 'छान आहे' असं ताटाला सांगतात, मला नाही. आज सकाळी मी रविवारचा कॉड मासा आणि बटाटे वाढत होते आणि ते ओट्यावर मिस अल्माला सांगत होते. आवाज कमी करायची त्यांना गरज वाटली नाही.

"पोटची पोर रोज माझ्यासमोर उभी राहून खोटं बोलत होती. मी बाटलीकडे बघायचो आणि ती माझ्याकडे बघायची. एल्डन भांडला. तोंडावर भांडला, नको ते बोलला. पण त्याने मला फसवलं नाही."

"मुलगा सरळ होता," मिस अल्मा म्हणाली. सटवी! झाडू घेऊन धावायची ती विसरली.

माझ्या हातात गरम भांडं होतं, ते तसंच धरून मी उभी राहिले. आधी रडू आलं. मग राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. पप्पांचा नाही, तुझा. मी भांडं घेऊन आत गेले. तुझं नाव मी घेतलेलं नाही आणि घेणारही नाही, दोष अंगावर घेतला तो घेतला. पण ती शाबासकी तुझी नाही, एल्डन. तुला पचते का बघ.

ही सगळी पत्रं उद्या पोस्टात टाकतेय.

इनेझ


रविवार, २५ ऑक्टोबर

एल्डन,

तुझं पत्र आलं. मला नाही, पप्पांना.

पाकिटावरचं अक्षर बघून मीच दचकले. त्यांच्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागले, घासलेलीच. उजव्या हाताची पट्टी अजून आहे, त्यांनी पाकीट दातांनी फाडलं. मग, वादळानंतर पहिल्यांदा, माझं नाव ऐकू आलं.

"इनेझ! इकडे ये."

गेले. ओट्यावर मिस अल्मा होतीच, ती आता जवळपास इथेच राहते. कोंबडीही वाचली, तीही इथेच राहते.

"एल्डन लिहितो," पप्पा म्हणाले, "की ट्रंक खांद्यावर घेताना बाटलीला धक्का लागला. फुटली. पुन्हा भांडण नको म्हणून तशीच दुसरी बाटली शोधून त्याने तळायचं तेल भरलं आणि गेला. कोट बदलून बोटीवर चढेपर्यंत हाताला वास येत होता म्हणतो."

"हो का?" मी म्हणाले.

"तू म्हणालीस, तू फोडलीस."

"हो."

"एक बाटली दोनदा फुटत नाही."

मी पायाशी आलेली कोंबडी हाकलायला लागले.

"कदाचित मांजराने फोडली असेल, सोलोमन," मिस अल्मा म्हणाली.

"अल्मा, तू घरी जा." ती हलली नाही. पप्पा माझ्याकडे बघत होते. "झाडताना फोडलीस म्हणे! तू माझ्या ओट्यावर कधी झाडू मारलास? तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण हात ठणकत होता."

एवढंच. मग पत्राची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि खाली निघून गेले, नावेकडे. वेंडेलने आणि शेजाऱ्यांनी ती ओढून वर आणलीय. मी थोड्या वेळाने कॉफी घेऊन गेले. ते डाव्या हाताने भोकावर फळी धरायचा प्रयत्न करत होते आणि फळी दर खेपेला निसटून वाळूत पडत होती. मी पुढे झाले तर म्हणाले, नको. वेंडेलला बोलावू का विचारलं तर म्हणाले, "त्याला तारा कळतात. फळी वेगळी."

मी कॉफी दगडावर ठेवली. ते कॉफीकडे बघतच बोलले.

"त्याला पत्र लिहिशील तू."

"लिहीन."

"मग लिही, की फळी एकाने दाबून धरायची असते आणि खिळा दुसऱ्याने मारायचा. माझा हात ख्रिसमसपर्यंत काही धरणार नाही. आणि लिही, की बाटली कुणी फोडली हे मी पत्रातलं खरं धरत नाही. तुम्ही दोघं माझ्यासमोर उभे राहा आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघून सांगा. खोटं कोण बोललं ते मग मी ठरवीन."

मी म्हटलं, "म्हणजे 'ये' असं लिहू का?"

फळी पुन्हा पडली. त्यांनी ती उचलली, वाळू झटकली आणि माझ्यावर खेकसले, "एवढं सगळं लिहितेस, त्याला वाचता येत नाही का?"

इनेझ